आयटीतली नोकरी सोडून निसर्गात कोचिंगचा व्यवसाय सुरू करायचा आहे, तयारी कशी करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात आयटीत १४ वर्षं झाली, टीम सांभाळण्याचा अनुभव आहे, डोंगर-जंगलाची ओढ आहे, आता नोकरी सोडून लोकांना निसर्गात नेऊन कोचिंग (शिकवणी नव्हे, माणसाला त्याच्या प्रश्नाचं उत्तर स्वतः शोधायला मदत) करायचं आहे. सुरुवात कुठून करावी आणि हाताशी किती पैसे हवेत?

सुरुवात हिशोबापासून करा. बहुतेकांची गल्लत इथेच होते. त्यांना वाटतं, आपण जंगल विकायला निघालोय. पण जंगलात नेणारे ट्रेक ग्रुप पुण्यामुंबईत चिक्कार आहेत. हजार-बाराशे रुपयांत ते दिवसभर फिरवून, पिठलं-भाकरी खाऊ घालून आणतात. त्या दराशी तुमचा मेळ बसणार नाही, आणि बसवायलाही जाऊ नका. तुमच्याकडे येणारा माणूस पैसे मोजतो ते त्याच्या अडलेल्या प्रश्नासाठी: बढती घ्यावी की नाही, भागीदाराशी पटत नाही, पन्नाशी आली, पुढे काय. धंदा कोचिंगचा आहे आणि टेकडी, ओढा, देवराई ही त्याची बैठक. हे पक्कं झालं की दर, जाहिरात, प्रशिक्षण या सगळ्याची उत्तरं सोपी होतात.

आता आकडे. हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. या पाच महिन्यांत शनिवार-रविवार मिळून ४२-४३ दिवस येतात. दिवाळी, लग्नसराई, नाताळच्या सुट्ट्या वजा केल्या तर २८ दिवस हाती लागले तरी भरपूर. १० जणांचा गट, माणशी १,८०० रुपये धरले तर एका दिवसाची जमा १८,०००. खर्च बघा: गावातल्या घरचं जेवण आणि चहा माणशी ३५० म्हणजे ३,५००, सोबतीच्या दुसऱ्या जाणत्या माणसाचे २,५००, गावातल्या वाटाड्याचे १,०००, गाडीचे २,०००, प्रथमोपचार आणि कागद-पेन्सिलचे ५००, ऑनलाइन पैसे घेण्याचं शुल्क ३६०. उरतात ८,१४०. अशा २८ दिवसांचे वर्षाला सव्वादोन लाखांच्या आसपास. फक्त शनिवार-रविवारच्या गटांवर पुण्यात घर चालत नाही, हे नोकरी सोडण्याआधी कागदावर दिसलेलं बरं.

घर चालतं ते वैयक्तिक कोचिंगवर. सहा महिन्यांत १२ बैठका, त्यातल्या ४ बाहेर, बाकीच्या खोलीत किंवा व्हिडिओ कॉलवर. बैठकीला ४,००० धरले तर एका माणसामागे ४८,०००. वर्षाला असे १० जण म्हणजे ४ लाख ८० हजार. त्यात कंपन्यांच्या टीमसाठी अर्ध्या दिवसाची ५-६ सत्रं, प्रत्येकी ५०,००० च्या आसपास. सगळं जमून आलं तर दहा लाखांपर्यंत जाता येतं, पण पहिल्या वर्षी यातलं निम्मंच येईल असं धरून चाला. म्हणून हप्त्यासकट १८ महिन्यांचा घरखर्च आणि वर तीन लाख, एवढे पैसे वेगळ्या खात्यात असल्याशिवाय राजीनामा देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पीएफ आणि ग्रॅच्युइटी यात मोजू नका, ते म्हातारपणाचे पैसे आहेत. शनिवार-रविवारचे गट तरीही घ्यायचेच. माणसं तुम्हाला तिथे पारखून घेतात आणि वैयक्तिक कोचिंगचे ग्राहक त्यांच्यातूनच येतात.

प्रशिक्षणाचं म्हणाल तर भारतात कोच म्हणवून घ्यायला कुठलाही परवाना लागत नाही. त्यामुळेच कंपन्यांचे एचआरवाले आधी प्रमाणपत्र विचारतात. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या एसीसी या पहिल्या पायरीसाठी किमान ६० तासांचं प्रशिक्षण, प्रत्यक्ष कोचिंगचे १०० तास (त्यातले ७५ मोबदला घेऊन), तीन महिन्यांहून कमी नाही अशा काळात १० तासांचं मेंटर कोचिंग (अनुभवी कोच तुमचं कोचिंग तपासून सुधारतो ते) आणि एक परीक्षा लागते. आठवड्याला दोन तास दिले तर ते १०० तास नोकरीत असतानाच वर्षभरात भरतात. वनस्नानाचे, म्हणजे जपानच्या वनखात्याने १९८२ साली पुढे आणलेल्या शिनरिन-योकूचे, गाइड तयार करणारे अभ्यासक्रमही आहेत. ते चांगले असतात, पण सावकाश चालायला आणि इंद्रियं जागी करायला शिकवतात. माणसाच्या प्रश्नाशी कसं बोलावं हे शिकवत नाहीत. दोन्हींपैकी एकच परवडत असेल तर कोचिंगचं घ्या. दोन दिवसांचा, १६ तासांचा वाइल्डरनेस फर्स्ट एडचा, म्हणजे दवाखाना लांब असताना करायच्या प्रथमोपचारांचा कोर्स मात्र कुठल्याही परिस्थितीत करा. तो केल्याशिवाय एकालाही बाहेर नेऊ नका.

पत्रकावर 'थेरपी', 'उपचार', 'नैराश्यातून मुक्ती' असले शब्द नकोत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, तुम्ही ते नाही. नावनोंदणीच्या फॉर्ममध्ये दमा, हृदयविकार, रक्तदाब, गुडघे, मधमाशीची अ‍ॅलर्जी, गरोदरपण, चालू औषधं आणि मानसोपचार चालू आहेत का, हे विचारा. बोलता बोलता कुणी जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोललं तर कोचिंग तिथेच थांबवायचं. त्याच्यासोबत बसून घरच्यांना फोन, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक, आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ. हा क्रम आधीच लिहून खिशात ठेवा, त्या वेळी सुचत नाही.

जागेचा विषय सगळ्यात मोठा. जमीन कुणाची आहे, हे पहिलं शोधा. पुण्यातल्या टेकड्यांचा बराच भाग वनखात्याकडे आहे. एखाद-दुसरा माणूस घेऊन सकाळी चालणं वेगळं आणि पैसे घेऊन गट नेणं वेगळं, त्यामुळे वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या. भीमाशंकर, ताम्हिणी ही अभयारण्यं. तिथे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू होतो आणि परवानगीशिवाय शिरणं गुन्हा ठरतो. मुक्कामी ट्रेक, रॅपलिंग असं काही जोडलंत तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. सुरुवातीला यात पडू नका. सगळ्यात सोयीची असते ती मुळशी, मावळ, भोरकडची खासगी शेतजमीन किंवा कृषी पर्यटन केंद्र: लेखी करार होतो, पाऊस आला तर छप्पर असतं, आणि संडास असतो. हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही ही. स्वच्छ संडास आणि आडोसा नसेल तर बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि दुपारी डोकं धरून बसतात.

एकच जागा निवडा आणि तिथे वर्षभर, महिन्यातून दोनदा, एकटे जा. पळस कुठल्या आठवड्यात पेटतो, ओढा कधी आटतो, दुपारी दोनला सावली कुठे सरकते, मोबाइलला रेंज नेमकी कुठल्या दगडावर येते, हे वहीत लिहा. पाच जागा वरवर माहीत असण्यापेक्षा हे फार मोलाचं आहे. (मे अखेरीस काजव्यांच्या नावाखाली भंडारदऱ्याकडे लोटणाऱ्या गर्दीत आपली माणसं नेऊ नका. तिथे धड काजवेही दिसत नाहीत आणि स्वतःशी बोलणंही होत नाही.)

देवराईत नेणार असाल तर आधी गावात जा. बूट कुठे काढायचे, कुठल्या दिवशी आत जायचं नाही, गुरव कोण, हे गावकरी सांगतील. बहुतेक देवरायांतून वाळकी काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही असा दंडक आहे. परदेशी अभ्यासक्रमांत 'तुम्हाला खुणावणारी एखादी वस्तू उचलून आणा' असा सराव असतो. तो इथे जशाच्या तसा केलात तर गावाचा विश्वास एका सकाळीत जातो. त्याऐवजी वस्तूपाशी जाऊन बसायला सांगा.

प्रत्यक्ष बैठक ९० मिनिटांची ठेवा. पहिली १५ मिनिटं न बोलता, नेहमीच्या निम्म्या वेगाने चालणं. फोन बंद करून पिशवीत. फक्त तुमचा चालू. मग १५ मिनिटं एका जागी एकटं बसणं. हातात पोस्टकार्डाएवढा कागद द्या, मधोमध एक ठिपका: तो ठिपका म्हणजे तो स्वतः. ज्या दिशेने जो आवाज येईल तिथे खूण करायची. पहिली पाच मिनिटं कागदावर हायवेचा हॉर्न आणि विमानच असतं. मग सुतार पक्ष्याची टकटक, वाळक्या पानावरून सरडा गेल्याची खसखस, आणि शेवटी स्वतःचा श्वास. श्वासाची खूण पडली की माणूस बोलायला तयार झाला असं समजा. पुढची ४० मिनिटं शेजारी-शेजारी चालत संवाद. समोरासमोर बसून जे बोलवत नाही ते चालताना सहज निघतं. १० मिनिटं लिहायला, १० परतायला.

बिघडतं ते असं. कोचला झाडं ओळखता येतात, मग तो प्रत्येक झाडापाशी थांबून माहिती सांगतो आणि समोरच्याच्या डोक्यात चाललेला विचार तुटतो. नाव विचारलं तरच सांगा. दुसरी चूक म्हणजे निसर्गातून बोध काढून देणं: 'बघा, नदी कशी अडथळ्याला वळसा घालते.' अर्थ त्याचा त्याला लागू द्या, आपण फक्त 'काय दिसलं?' एवढंच विचारायचं. तिसरी गोष्ट, गोपनीयता. रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर निम्मं ऑफिस भेटतं; तिथे कुणी मनातलं बोलणार नाही. बुधवारी सकाळी साडेसहाला जा, आणि ओळखीचं कुणी भेटलं तर काय सांगायचं ते ग्राहकाशी आधीच ठरवून ठेवा. एकट्या व्यक्तीला नेताना वाट उघडी, वर्दळीपासून हाकेच्या अंतरावरची असावी, आणि कुठे आहोत, कधी परतणार हे तिच्या घरच्या माणसाला तिनेच कळवलेलं असावं. बाईमाणूस असेल तर हा नियम मोडायचाच नाही.

धोक्यांत आग्या मोहोळ सगळ्यात वर. कड्यांवर आणि उंच झाडांवर लोंबणारी पोळी सह्याद्रीत जागोजागी आहेत. धूर, अत्तर, डिओ, दगड, आरडाओरडा यांनी माश्या उठतात. आदल्या दिवशी जाऊन पोळं कुठे आहे बघा आणि वाट बदला. अत्तर लावून न येण्याची सूचना लेखी द्या. माश्या उठल्याच तर हात झटकायचे नाहीत, तोंड झाकून लांब निघायचं, काटे लगेच काढायचे, आणि धाप लागली किंवा ओठ-चेहरा सुजला तर वेळ न घालवता १०८. साप चावला तर पट्टी आवळणं, कापणं, चोखणं यातलं काहीही नाही. अवयव हाड मोडल्यासारखा स्थिर ठेवून दवाखाना गाठायचा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषांवर एकच लस चालते, पण ती जवळच्या ग्रामीण रुग्णालयात रविवारी आहे का आणि द्यायला डॉक्टर आहेत का, हे शनिवारी फोन करून विचारा. आणि खाजकुयली. दिवाळीनंतर वाटेवरच्या वेलींना तपकिरी, मखमली शेंगा लटकतात. हात लागला तर सोडाच, वाऱ्याने लव उडाली तरी अंग पेटतं. चोळायचं नाही, चिकटपट्टी लावून लव उपटून काढायची, मग धुवायचं. पिशवीत चिकटपट्टीचं रीळ ठेवा. जून ते सप्टेंबर घाटात गट नेऊ नका. ते महिने खोलीतल्या बैठकांचे.

कागदपत्रांत फार वेळ जात नाही. एकल मालकी पुरेशी आहे, उद्यम ही सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंदणी फुकट होते, दुकाने अधिनियमाखाली एवढ्या छोट्या व्यवसायाला फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांपुढे गेली की जीएसटी. पब्लिक लायबिलिटी विमा, म्हणजे तुमच्यामुळे कुणाला इजा झाली तर भरपाई देणारा, घ्या. 'जबाबदारी आमची नाही' अशा फॉर्मवर सही घेतली म्हणून हलगर्जीपणा माफ होत नाही. कंपन्या टीडीएस कापून पैसे देतात, तेही दोन-दोन महिन्यांनी. बिलावर उद्यम क्रमांक छापा: सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत (जास्तीत जास्त ४५ दिवस) दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच करात दाखवता येतो, त्यामुळे अकाउंट्सवाले तुमचं बिल वर काढतात.

नोकरीच्या बाजूने तीन कामं राजीनाम्याआधीच करा. एक, नेमणूक पत्रातलं बाहेरच्या कामाबद्दलचं कलम वाचा. नोकरी सोडल्यानंतर तुम्हाला रोखणारी अट भारतीय करार कायद्याच्या २७व्या कलमामुळे सहसा टिकत नाही, पण नोकरीत असताना परवानगीशिवाय पैसे घेतलेत तर कारवाई होऊ शकते. त्यामुळे एसीसीचे ते मोबदल्याचे ७५ तास लेखी परवानगीनेच भरा. दोन, स्वतःचा आरोग्य विमा आताच घ्या. कंपनीचा विमा सहसा शेवटच्या दिवशी संपतो, आणि नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस आजारपण धरत नाहीत, आधीच्या दुखण्यांना तर तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं. तीन, गृहकर्ज वाढवायचं किंवा दुसऱ्या बँकेत हलवायचं असेल तर पगाराची स्लिप हातात असतानाच.

तुमची नोटीस ९० दिवसांची असेल तर राजीनामा जूनच्या मध्यावर द्या. सप्टेंबरच्या मध्यावर सुटका होईल, तेव्हा रानात गवत कमरेएवढं असतं आणि वाटा निसरड्या असतात. तीन-चार आठवडे वाटा पुन्हा पायाखाली घालून, पोळ्यांच्या जागा टिपून, जेवणाचं घर आणि वाटाड्या नक्की करून, दसऱ्यानंतरच्या रविवारी पहिला गट घ्या. सहा जणांचाच, आणि पूर्ण पैसे घेऊन.