सिव्हिलमध्ये तीन वर्षं झाली, आता पीएमपी करू की प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये मास्टर्स?

तुम्ही लिहिलंय त्यावरून असं दिसतंय की बीई सिव्हिल झालंय, तीन वर्षं हाउसिंग प्रोजेक्टवर साइट इंजिनियर आहात, पगार जागचा हलत नाही, घरचे म्हणतायत यूकेला जाऊन एमएससी कर आणि साइटवरचा सीनियर म्हणतोय कशाला एवढे पैसे घालवतोस, पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल हे सर्टिफिकेट) करून टाक. मी पुण्यात एका पीएमसीमध्ये (मालकाच्या वतीने प्रोजेक्ट सांभाळणारी कन्सल्टन्सी) प्लॅनिंग बघतो, अधूनमधून इंटरव्ह्यू घ्यायलाही बसवतात, त्यामुळे बोलतोय ते बांधकामापुरतंच. आयटीवाल्यांचं गणित वेगळं, तिकडे स्क्रम मास्टरचा दोन दिवसांचा कोर्स केला तरी बायोडेटा पुढे सरकतो, आपल्याकडे ते कोणी वाचतसुद्धा नाही.

आधी पीएमपी. ही परीक्षा अमेरिकेतली पीएमआय (प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट) घेते, 1984 पासून चालू आहे, आणि यात लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे पैसे भरले की बसता येतं. तसं नाहीये. डिग्रीवाल्याला प्रोजेक्ट लीड केल्याचा 36 महिन्यांचा अनुभव दाखवावा लागतो, डिप्लोमावाल्याला 60 महिन्यांचा, वर 35 तासांचं ट्रेनिंग. हुद्दा प्रोजेक्ट मॅनेजर असलाच पाहिजे असं नाही, पण काम तसं असायला हवं. म्हणजे सळई चेक केली, स्लॅब भरला, आरए बिलाची (चालू कामाच्या बिलाची) मापं काढली, एवढंच तीन वर्षं केलं असेल तर ते लीड करणं धरत नाहीत. तेच एखादी बिल्डिंग तुमच्या अंगावर टाकली होती, लेबर कॉन्ट्रॅक्टर तुम्ही हाताळले, आठवड्याचं प्लॅनिंग तुम्ही केलं, मटेरियल कधी मागवायचं ते तुम्ही ठरवलं, तर तेवढे महिने धरता येतात. आणि एकाच महिन्यात दोन प्रोजेक्ट चालू असले तरी महिना एकच मोजतात, हे बऱ्याच जणांना फॉर्म भरायला घेतल्यावर कळतं.

अर्जात प्रत्येक प्रोजेक्टचं वर्णन लिहावं लागतं, उद्दिष्ट काय, तुमची भूमिका काय, शेवटी काय झालं. काही अर्ज ऑडिटला काढतात, मग त्या त्या प्रोजेक्टवरच्या साहेबांकडून अनुभव खरा असल्याचं लिहून घ्यावं लागतं. जुनी कंपनी भांडून सोडली असेल तर तिथे जाऊन सही मागणं काय असतं ते वेगळं सांगायला नको. म्हणून राजीनामा देतानाच साहेबांशी नीट बोलून ठेवा आणि त्यांचा पर्सनल नंबर घ्या.

परीक्षा म्हणजे 180 प्रश्न, चार तासांच्या आसपास, आणि व्याख्या पाठ करून निघत नाही, सगळे प्रसंग देऊन विचारलेले प्रश्न असतात. अजाइल (छोट्या टप्प्यांत, बदल करत काम करायची पद्धत) बराच असतो, साइटवरच्या माणसाला तो भाग परका वाटतो, त्यामुळे तिथे जास्त वेळ द्या. क्लास आणि फी धरून लाखाच्या आत भागतं. पास झाल्यावर दर तीन वर्षांनी 60 पीडीयू (शिकत राहिल्याचे गुण) जमवून रिन्यू करत राहायचं, ते फार जड नाही, वेबिनारवर निघून जातं. अनुभव कमी पडत असेल तर त्यांचीच कॅपम नावाची परीक्षा आहे, अनुभव लागत नाही, 23 तासांचं ट्रेनिंग पुरतं, पण खरं सांगू का, बांधकामात मी आजवर एकाही जाहिरातीत ती मागितलेली बघितली नाही.

आता मास्टर्स. यूकेचा एक वर्षाचा एमएससी फी आणि राहणं-खाणं धरून 30 लाखांच्या पुढेच जातो. 30 लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांचं धरलं तर हप्ता महिन्याला 40 हजारांच्या वर बसतो, शिकत असतानाचं व्याज वेगळंच. पौंडात पगार मिळाला तर हे फिटतं, परत येऊन पुण्यात नोकरी धरली तर हप्ता भरताना दमछाक होते. आणि तिथे थांबणं आता सोपं राहिलेलं नाही, शिक्षणानंतरचा दोन वर्षांचा ग्रॅज्युएट व्हिसा 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना दीड वर्षाचाच मिळणार आहे, त्यानंतर स्किल्ड वर्कर व्हिसा पाहिजे तर पगाराची साधारण अट जुलै 2025 पासून वर्षाला 41,700 पौंड झालीय. नव्याने लागणाऱ्यांना सूट आहे, पण मुळात स्पॉन्सर करणारी कंपनी तर सापडली पाहिजे ना. एजंट हे सगळं सांगत नाहीत, त्यांचं कमिशन ॲडमिशनवर असतं.

एक गोष्ट मात्र मास्टर्सच्या बाजूने. पीएमआयची मान्यता असलेले काही कोर्स असतात, जीएसी ॲक्रेडिटेड म्हणतात त्यांना, तिथली डिग्री असेल तर पीएमपीला 36 ऐवजी 24 महिन्यांचा अनुभव चालतो. युनिव्हर्सिटी निवडायच्या आधी हे पीएमआयच्या यादीत बघून घ्या, ब्रोशरवर विश्वास नको.

घराजवळ बघायचं तर पुण्यातच बालेवाडीत निकमार आहे, बांधकाम व्यवस्थापन शिकवणारी 1983 पासूनची संस्था, 2022 पासून युनिव्हर्सिटी. तिथला खरा फायदा कॅम्पस प्लेसमेंटचा आणि ओळखींचा, मोठ्या कॉन्ट्रॅक्टर कंपन्यांमध्ये तिथली माणसं भरलेली आहेत. पण दोन वर्षं पगार बंद, हे धरूनच हिशेब करा.

गल्फचा विचार असेल तर पारडं पीएमपीकडे झुकतं. तिकडे टेंडरमध्येच मुख्य माणसांकडे पीएमपी हवं असं बरेचदा लिहिलेलं असतं, त्यामुळे कंपनीला कागदावर तसा माणूस दाखवावाच लागतो. सौदीला जाणार असाल तर सौदी कौन्सिल ऑफ इंजिनियर्सचं रजिस्ट्रेशन वेगळं, तिथे बीईची डिग्रीच कामाला येते.

इंटरव्ह्यूत काय होतं ते सांगतो, कारण शेवटी कागद तिथेच तपासला जातो. मी एक प्रश्न जवळजवळ सगळ्यांना विचारतो. पोडियम स्लॅबचं ड्रॉइंग कन्सल्टंटकडून तीन आठवडे उशिरा आलं, पण त्याच तीन आठवड्यांत कॉन्ट्रॅक्टरकडे शटरिंग मटेरियलही पूर्ण नव्हतं, आता तो मुदतवाढ मागतोय, द्यायची का? बाहेरून एमएससी केलेला मुलगा कॉन्करंट डिले (एकाच वेळी दोन्ही बाजूंकडून झालेला उशीर) हा शब्द लगेच काढतो आणि त्यावर पाच मिनिटं छान बोलतो. पीएमपीवाला म्हणतो चेंज रिक्वेस्ट घेईन, स्टेकहोल्डरची मीटिंग लावीन. आणि एखादा, त्याच्याकडे यातलं काहीही नसतं, तो विचारतो सर हिंडरन्स रजिस्टर (काम कशामुळे अडलं याची साइटवरची नोंदवही) भरलंय का, कोणाच्या सह्या आहेत, आणि शेड्यूलमध्ये त्या स्लॅबला फ्लोट (पूर्ण प्रोजेक्ट न लांबता चालेल एवढा उशीर) किती होता? मी त्याच्याच नावापुढे टिक करतो. अर्थात एचआरच्या चाळणीत तो आमच्यापर्यंत पोचला तर, आणि ती चाळणी पार करायलाच हे कागद लागतात, हेही तितकंच खरं.

तुमच्या जागी मी असतो तर आत्ता कुठलीच फी भरली नसती. त्याच कंपनीत नाहीतर दुसरीकडे साइटवरून प्लॅनिंग किंवा बिलिंग-कॉन्ट्रॅक्ट्समध्ये सरकायचा प्रयत्न केला असता, प्रायमावेरा पी6 हे शेड्यूलिंगचं सॉफ्टवेअर नीट शिकलो असतो (नुसतं बार चार्ट काढणं नव्हे, मूळ वेळापत्रकाची बेसलाइन लावून दर महिन्याला अपडेट करणं), आणि साधारण वर्षभराने 36 महिने पक्के भरले की पीएमपी. मास्टर्स फक्त दोन कारणांसाठी केलं असतं, एक तर बाहेरच स्थायिक व्हायचं पक्कं असेल आणि कर्ज फेडायची घरची ताकद असेल, नाहीतर साइट कायमची सोडून कन्सल्टिंग किंवा रियल इस्टेट फायनान्ससारख्या बाजूला जायचं असेल. पगार वाढत नाही म्हणून मास्टर्स, हे कारण मला पुरेसं वाटत नाही, पगार आधी कंपनी बदलूनही वाढतो.

तुमचा अनुभव धरला जाईल का याची शंका असेल तर तीन वर्षांत नक्की काय काय सांभाळलं ते महिन्यांसकट कमेंटमध्ये लिहा, कंपनीचं नाव नको. बघून सांगतो किती महिने टिकतील.