ट्रान्झिस्टरच्या काळात व्हॅक्यूम ट्यूबवर संशोधन कशाला?

सांगलीत बी.एस्सी.ला शिकवतो, दरवर्षी कुणीतरी हे विचारतंच. व्हॅक्यूम ट्यूब, म्हणजे हवा काढून टाकलेल्या नळ्या, रेडिओतून गेल्या. मोठ्या शक्तीच्या मायक्रोवेव्ह लहरींना आजही त्याच लागतात. ट्रान्झिस्टरमध्ये इलेक्ट्रॉन स्फटिकात अडखळत जातात आणि तापतो तो एवढासा तुकडाच. निर्वातात वाट मोकळी असते; लहरींना ऊर्जा देऊन झालेले इलेक्ट्रॉन बऱ्याच ट्यूबमध्ये शेवटी वेगळ्या कलेक्टरवर (ते गोळा करणाऱ्या धातूच्या भागावर) जातात, आणि तो पाण्याने थंड ठेवता येतो. घरच्या मायक्रोवेव्ह ओव्हनमधली ट्यूब, म्हणजे मॅग्नेट्रॉन, २.४५ गिगाहर्ट्झला काही शे वॅट देतो. फ्रान्समधल्या ईटर या अणुसंमीलन (फ्यूजन) प्रकल्पासाठीचा एकेक जायरोट्रॉन, हीही व्हॅक्यूम ट्यूबच, १७० गिगाहर्ट्झला तब्बल १ मेगावॅट! या विषयात जायचं असेल तर पिलानीच्या सीरी या इलेक्ट्रॉनिक्स संशोधन संस्थेचं काम बघ. एम.एस्सी.ला विद्युतचुंबकत्व मात्र मन लावून कर.