‘काही होत नाही’ असं मी सांगणार नाही

प्रश्न : डॉक्टरकाकू, नमस्कार. आम्ही दांडिया बाजारात राहतो. बाळ श्रावणात दहा महिन्यांचं झालं. साडेतीन महिन्यांचं असताना लस दिली, त्या रात्री 103 ताप चढला आणि तीन तास ते गळा फाडून रडत होतं. लस देणाऱ्या बाई ‘काही होत नाही’ एवढंच म्हणाल्या होत्या. त्या रात्रीपासून मिस्टर लसीचं नाव काढू देत नाहीत. आता नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस राहिली आहे. ते म्हणतात, या लसीनं ऑटिझम होतो, आधी बोलायला लागू दे, मग बघू. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी गोवर सगळ्यांनाच यायचा. शीतळा सातमला चूल पेटवायची नाही, देवीला थंड नैवेद्य दाखवायचा, मुलं बरी व्हायची. त्यातून नणंदेला तिसरा महिना आहे आणि ती गौरी-गणपतीला येणार आहे. लस घेतलेल्या बाळापासून तिला धोका आहे का? मी तुमच्या लेकीच्या वयाची आहे, खरं काय ते सांगा. – एक आई, वडोदरा

उत्तर : खरं सांगायचं तर त्या रात्री बाळाला जे झालं ते लसीमुळेच झालं. तुमच्या मिस्टरांनी ते डोळ्यांनी पाहिलंय, त्यांना कुणी खोटं पाडू नये. साडेतीन महिन्यांची ती पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच रोगांवरची एकत्र लस, तिच्यात डांग्या खोकल्याचे मारलेले अख्खे जंतू असतात. त्यांच्यामुळे त्याच संध्याकाळी ताप येतो, मांडी दुखते, आणि काही बाळं तासन्‌तास थांबतच नाहीत. एक-दोन दिवसांत सगळं ओसरतं आणि मागे काही राहत नाही. पण हे तुला आधी सांगायला हवं होतं. 34 वर्षं दवाखान्यात बसले मी. ‘काही होत नाही’ या तीन शब्दांनी जेवढे आईबाप लसीपासून दूर गेलेले पाहिले, तेवढे कुठल्या अफवेनं गेलेले पाहिले नाहीत.

म्हणून या लसीनं काय होतं तेच आधी सांगते. रुबेला म्हणजे गोवरासारखं पुरळ आणणारा दुसरा आजार. गोवर-रुबेलाच्या लसीत डांग्या खोकल्याचा भाग नाही. हिच्यात जिवंत पण दुबळे केलेले विषाणू असतात, त्यांना अंगात वाढायला वेळ लागतो. त्यामुळे त्याच रात्री ताप यायचं कारण नाही. आला तर साधारण सातव्या ते बाराव्या दिवशी येतो, कधी अंगावर पुसटसं पुरळ उठतं, दोन-तीन दिवसांत जातं. तीन-चार हजारांत एखाद्या मुलाला त्या तापात झटका, म्हणजे आकडी, येतो. बघणाऱ्याचा जीव जातो, पण अशा झटक्यानं मेंदूला इजा होत नाही. बाळाला कुशीवर ठेवायचं, तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा-चप्पल हुंगवत बसायचं नाही. पाच मिनिटांत थांबला नाही तर तडक दवाखाना. जोराची ॲलर्जी दहा लाखांत एखाद्याला येते, आणि आली तर बहुधा काही मिनिटांतच. म्हणून लस दिल्यावर अर्धा तास तिथेच बसायला सांगतात. घाईनं उठू नकोस.

आता ऑटिझम. हे सगळं 1998 साली सुरू झालं. अँड्र्यू वेकफील्ड नावाच्या इंग्लंडमधल्या डॉक्टरनं गोवराच्या लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा, 12 मुलांवरचा एक लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला. 2010 मध्ये ‘लॅन्सेट’नं तो मागे घेतला आणि वेकफील्डचा डॉक्टरकीचा परवानाही गेला. डेन्मार्कनं साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या, निष्कर्ष 2019 मध्ये आला : लस घेतलेल्या मुलांत ऑटिझम जास्त आढळला नाही. मग इतक्या आईबापांना तसं का वाटतं? कारण मूल नावाला ओ देत नाही, नजर देत नाही, हे घरच्यांच्या ध्यानात येतं ते एक ते दोन वर्षांच्या मधे, आणि लशीही त्याच वयात असतात. त्यांचं दुःख खरं आहे, फक्त त्यांनी धरलेलं कारण चुकीचं आहे.

‘आधी बोलायला लागू दे’ हे वाचल्यावर मला एक मुलगा आठवला. मी शिकत होते तेव्हा वॉर्डात आला होता, नऊ वर्षांचा. शाळेत हुशार होता. आधी अक्षर बिघडलं, मग पाढे विसरायला लागला, मग चालता चालता दचकल्यासारखा खाली पडायचा. शेवटी बोलणं गेलं. आईनं सांगितलं की वर्षाचा असताना गोवर आला होता, आठ दिवसांत बराही झाला होता. गोवराचा विषाणू क्वचित असा मेंदूत दबून राहतो आणि सहा-आठ वर्षांनी वर येतो. त्यावर त्या वेळी काही इलाज नव्हता आणि आजही बरं करणारा उपाय नाही. गोवर जितक्या लहान वयात, तितका हा धोका मोठा. मिस्टरांना ज्याची भीती वाटते आहे, बोलणारं मूल गप्प होण्याची, ते मी पाहिलंय. ते गोवरानं झालं होतं.

सासूबाईंना उलटून बोलू नकोस. सातमचं थंडही खा, नैवेद्यही दाखव. फक्त त्यांना विचार, आळीतल्या किती घरांत गोवरानंतर न्यूमोनिया, जुलाब होऊन मूल गेलं होतं. त्यांच्या पिढीला अशी नावं आठवतात, मी विचारून पाहिलंय. गोवर अजून गेलेला नाही. 2022 मध्ये मुंबईत साथ आली, त्याच हिवाळ्याच्या तोंडाला अहमदाबादलाही केंद्राचं पथक आलं होतं. खोलीतून रोगी निघून गेल्यावर दोन तासांपर्यंत विषाणू हवेत राहू शकतो, आणि पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून तो पसरत असतो. गणपतीला तुमच्याकडे किती माणसं येऊन जातात ते तूच मोज. तुझ्याकडून पोटात मिळालेलं कवच नऊ-दहा महिन्यांपर्यंत जवळजवळ संपलेलं असतं.

नणंदेची काळजी करतेस ते बरंच आहे, पण धोका उलट्या बाजूनं आहे. लस घेतलेल्या बाळापासून गरोदर बाईला त्रास होत नाही. बाळाला खरा रुबेला झाला आणि तो तिला लागला तर पोटातल्या बाळाच्या कानांवर, डोळ्यांवर, हृदयावर घाला येतो, पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त. तिला रुबेलाची रक्ततपासणी करून घ्यायला सांग. गरोदरपणात तिला ही लस देता येत नाही, बाळंतपणानंतर घेता येईल.

बाळाला सर्दी असली तरी चालेल. प्रतिकारशक्तीचा गंभीर आजार असेल, किंवा अलीकडे त्याला रक्त चढवलं असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना सांगायचं. याच फेरीत पोलिओचं इंजेक्शन आणि न्यूमोनियाच्या लसीचा बूस्टरही राहिला असेल, कार्ड बघ. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस 16 ते 24 महिन्यांत असतो. त्याच वेळी डांग्या खोकल्याचा बूस्टरही असतो आणि त्यानं पुन्हा त्याच रात्री ताप येऊ शकतो. हे आजच सांगून ठेवते.

बुधवारी ममता दिवसाला, म्हणजे सरकारी लसीकरणाच्या दिवशी, मिस्टरांना बरोबर ने. त्यांनीच विचारू दे, बाटली किती वाजता उघडली. औषध पातळ केल्यावर चार तासांच्या आत वापरायचं असतं. लस उजव्या दंडात देतील. सातवा ते बारावा दिवस कालनिर्णयवर खूण करून ठेव. आणि तिथेच बाळाचं वजन करून, पॅरासिटामॉल किती मिली द्यायचं ते कार्डाच्या मागे लिहून आण.