सरकारी लॉटरीच्या केंद्रासाठी सासूबाईंची एफडी मोडावी का?

प्रश्न : सेलूला (जि. परभणी) माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. नणंदेच्या मिस्टरांनी एक एजन्सी आणली आहे. युरोपातल्या एका सरकारी कंपनीची ऑनलाइन लॉटरी आहे, तिथं खासगी कंपन्यांना परवानगीच नाही, सगळं सरकारच्या हातात, त्यामुळे बुडायची भीती नाही, असं ते सांगतात. डिपॉझिट ३,००,००० रुपये, आणि महिन्याला २४,००० हमखास. ११,००० टोकन यूपीआयनं दिलं आहे. सासूबाईंची २,४०,००० ची एफडी या महिन्यात सुटतेय आणि तुरीचे १,२०,००० आले आहेत. आडत दुकानाचे १,२०,००० शेकडा तीन रुपयांनी देणं आहे. पीककर्जाचं नवंजुनं दरवर्षी वेळेवर करतो. घरच्या जावयाला नाही कसं म्हणावं ते कळत नाही. पैसे घालावेत का?

उत्तर : ताई, घालू नका. दिलेल्या टोकनाचं काय करायचं ते शेवटी सांगतो.

जावईबापूंचं एक म्हणणं खरं आहे, आणि सगळा घोळ त्या खऱ्या गोष्टीवरच उभा आहे. काही देशांत जुगार हा खरोखरच सरकारी मक्ता आहे. नॉर्वेचंच बघा. तिथं नॉर्स्क टिपिंग ही सरकारी कंपनी १९४६पासून आहे. लॉटरी, खेळांवरच्या पैजा, ऑनलाइन कॅसिनो हे सगळं तिच्याकडे. घोड्यांच्या शर्यतींवरच्या पैजा तेवढ्या दुसऱ्या एका संस्थेकडे. २००७मध्ये तिथल्या सरकारनं गावोगावची खासगी जुगारयंत्रं उचलायला लावली. १ जानेवारी २०२३पासून जुगाराचा नवा, एकत्रित कायदा लागू झाला आणि मक्ता कायम राहिला. नफा खेळाच्या संघटना, कला-संस्कृती आणि समाजसेवी संस्थांकडे जातो.

पण हा मक्ता आहे कशासाठी? जुगार पसरावा म्हणून नाही, आपल्या लोकांना आवर घालता यावा म्हणून. तिथं नोंदणी केल्याशिवाय खेळता येत नाही, त्यासाठी तिथला नागरिक क्रमांक लागतो आणि माणसानं किती हरावं यावरही मर्यादा असते. परदेशी जुगार कंपन्यांकडे पैसा जाऊ नये म्हणून २०१०पासून तिथल्या बँकांना असे व्यवहार करायलाच बंदी आहे. जे सरकार आपल्या माणसाचा पैसा बाहेरच्या जुगारात जाऊ देत नाही, त्याची कंपनी सेलूत येऊन, दुकानदाराकडून तीन लाख डिपॉझिट घेऊन केंद्र काढेल? तुमच्या-माझ्याकडे तिथला नागरिक क्रमांक नाही, म्हणजे तिचं एक तिकीटसुद्धा आपल्याला घेता येत नाही.

युरोपियन न्यायालयानं २००३मध्येच म्हटलं आहे की सरकार स्वतः महसुलासाठी लोकांना जुगाराकडे ओढत असेल, तर जनहिताचं नाव सांगून त्याला इतरांवर बंदी घालता येणार नाही. तुम्ही पाठवलेल्या करारपत्रात मात्र दर महिन्याला ४० नवे ग्राहक आणण्याची अट आहे. खरा सरकारी मक्ता अशी अट घालूच शकत नाही, घातली तर त्याचा मक्ताच धोक्यात येईल. मक्ता कायमचा असतो हेही खरं नाही. स्वीडननं २०१९मध्ये खासगी कंपन्यांना परवाने द्यायला सुरुवात केली, कॅनडातल्या ओंटारिओनं एप्रिल २०२२मध्ये, आणि फिनलंडनंही २०२७पासून तोच रस्ता धरायचं ठरवलं आहे.

शिवाय सरकारी कंपनी म्हणजे चूक होत नाही असंही नाही. जून २०२५मध्ये याच नॉर्स्क टिपिंगनं युरोजॅकपॉट या युरोपातल्या अनेक देशांच्या सामायिक लॉटरीच्या बक्षिसांचं चलन बदलताना १००नं भागायच्या ऐवजी १००नं गुणलं आणि हजारो लोकांना भलत्याच रकमा जिंकल्याचे निरोप गेले. कंपनीच्या प्रमुख बाईंना पद सोडावं लागलं. तिथं जाब विचारायला सरकार होतं, देखरेख करणारं खातं होतं. उद्या तुमच्या केंद्रावर असं काही झालं तर जिंतूर नाक्यावरचा गिऱ्हाईक नॉर्वेला जाणार नाही, तो तुमच्या काउंटरवर येईल.

आता ते करारपत्र. पाचशेच्या स्टॅम्पवर चार पानं आहेत. त्यात लॉटरी हा शब्द एकदाही नाही, सगळीकडे ‘माहिती सेवा केंद्र’ लिहिलं आहे. आणि तिसऱ्या पानावरचं कलम मी दोनदा वाचलं : ‘ग्राहकांचे सर्व भरणे केंद्रचालकाच्या नावे असलेल्या चालू खात्यात घेतले जातील व सदर खात्याचे किट कंपनीच्या ताब्यात राहील.’ म्हणजे खातं तुमचं, पॅन तुमचा. पण चेकबुक, डेबिट कार्ड आणि सिम त्यांच्याकडे. डिपॉझिटपेक्षा मला याची जास्त काळजी वाटते. अशा खात्यांवरून फसवणुकीचा पैसा फिरवला जातो. कुठल्या तरी राज्यातला एक माणूस तक्रार करतो, बँक खातं गोठवते आणि पोलिसांची नोटीस खात्यावर ज्याचं नाव आहे त्याला येते. तीन लाख बुडाले तर माणूस चार-पाच वर्षांत सावरतो. दुकान चालवणाऱ्या बाईच्या नावावर गुन्हा दाखल झाला की सगळं थांबतं.

आपल्याकडचा कायदा तर अगदी स्पष्ट आहे. सरकारी लॉटरी भारतातही आहे. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९पासून चालते, केरळची त्याच्याही आधी, १९६७मध्ये सुरू झाली. १९९८च्या केंद्राच्या लॉटरी कायद्यानं त्यांना अटी घातल्या आहेत : तिकिटावर राज्याचं बोधचिन्ह हवं, सोडत त्याच राज्यात व्हायला हवी, विक्रीचा पैसा राज्याच्या सरकारी खात्यात जमा व्हायला हवा. तो पैसा दुकानदाराच्या चालू खात्यात फिरत राहणं यात कुठेच बसत नाही. परदेशी लॉटरीची तर गोष्टच सोडा. लॉटरीचं तिकीट घेण्यासाठी परदेशात पैसा पाठवायला परकीय चलनाच्या नियमांत २०००पासून सरळ मनाई आहे. राज्य सरकारची नसलेली किंवा त्याची परवानगी नसलेली लॉटरी चालवायला जागा ठेवली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि ऑगस्ट २०२५मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. भारतात सेवा देणाऱ्या परदेशी साइटही त्यात आल्या. असा खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि ५० लाख. त्या कायद्यानं नुसत्या खेळणाऱ्याला गुन्हेगार धरलेलं नाही. पण तुम्ही खेळणाऱ्या नसाल ना, दुकानावर फलक लावून बसलेल्या असाल.

कमाईचं गणितही पाहू. महिन्याला २४,००० म्हणजे वर्षाला २,८८,०००, डिपॉझिटवर ९६ टक्के. ज्याला तीन लाखांवर ९६ टक्के खरोखर सुटतात, तो बँकेकडून १२-१४ टक्क्यांनी कर्ज काढेल, पाहुण्यारावळ्यांकडे येणार नाही. मराठवाड्यात मल्टिस्टेट पतसंस्थांत जास्त व्याजाच्या आशेनं ठेवी ठेवून बसलेली कितीतरी घरं मी पाहिली आहेत. पहिले काही महिने व्याज वेळेवर येतं. त्या जोरावर माणूस बहिणीचे, मेव्हण्याचे पैसे आणून ठेवतो. जावईबापूही कदाचित आत्ता त्याच टप्प्यावर असतील. त्यांच्या मनात खोट आहे असं मला वाटत नाही. त्यांचे स्वतःचे किती गुंतलेत, हे नणंदबाईंना एकदा शांतपणे विचारा.

आणखी एक विचारतो, राग मानू नका. एफडी सासूबाईंची आहे. त्यांना कुणी विचारलं का?

तुमच्या जागी मी काय करेन ते सांगतो. तुरीचे १,२०,००० उद्याच्या उद्या आडत दुकानात भरा. शेकडा तीन म्हणजे महिन्याला ३,६००, वर्षाला ४३,२००. देणं फिटलं की हे पैसे घरात राहतात, त्यात जोखीम काहीच नाही, आणि ३६ टक्के खात्रीनं देणारी दुसरी कुठलीही योजना माझ्या माहितीत नाही. परवानाधारक सावकारालासुद्धा शेतकऱ्याला दिलेल्या विनातारण कर्जावर वर्षाला १२ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. हे आडत्याला भांडण न करता ऐकवा, शेवटच्या हिशेबात थोडं कमी होईलही. पैसे चेकनं द्या आणि खातं निरंक झाल्याची सही-शिक्क्याची पावती घ्या. कोऱ्या चेकवर किंवा चिठ्ठीवर सह्या दिल्या असतील तर त्या परत घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका. वाचलेल्या ३,६००पैकी तीन हजार दर महिन्याला आवर्ती ठेवीत टाका. पेरणीच्या वेळी बियाणं-खतासाठी पुन्हा उधारीवर जावं लागू नये, एवढ्यासाठी. हे कर्ज दरवर्षी तिथूनच सुरू होतं.

सासूबाईंचं वय साठच्या पुढं असेल तर २,४०,०००पैकी दोन लाख त्यांच्याच नावानं पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. गेली दोन-तीन वर्षं तिथं ८.२ टक्के दर आहे, त्या हिशेबानं दर तिमाहीला ४,१०० रुपये त्यांच्या हातात येतील. मुदत पाच वर्षांची. वर्षाच्या आत मोडलं तर दिलेलं व्याजही कापून घेतात, म्हणून उरलेले ४०,००० बँकेत वेगळे ठेवा, दवाखान्याला लागतील. नॉमिनी म्हणून तुमच्या मिस्टरांबरोबर नणंदबाईंचंही नाव घालायचं का, हे सासूबाईंनी ठरवावं.

राहिला प्रश्न जावयाला नाही म्हणायचा. वाद घालू नका, दोन कागद मागा. राज्य सरकारची परवानगी, आणि ‘तिकिटांचा पैसा थेट सरकारी खात्यात जमा होईल, केंद्रचालकाचं खातं वापरलं जाणार नाही’ असं कंपनीच्या लेटरहेडवर लिहून. हे कागद येणार नाहीत. पण त्यामुळं नकार तुमच्या तोंडून न जाता कागदाअभावी जाईल आणि दिवाळीला सगळे एका पंगतीला बसतील. मिस्टरांनी फोन करावा, तुम्ही एकट्यानं नको.

टोकनाचे ११,००० ज्या यूपीआयवर गेले त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि व्हॉट्सअॅपवर लेखी कळवा : ‘आम्ही केंद्र घेत नाही, टोकन परत करावं.’ टाळाटाळ सुरू झाली की १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पैसे परत येतील याची हमी नाही, पण ते सोडवायचे म्हणून उरलेले २,८९,००० भरू नका. समोरचा नेमकं हेच सुचवेल : पूर्ण रक्कम भरा, मग टोकन वळतं करतो. चालू खातं उघडलं असेल तर त्याचं किट आणि सिम कुणाला देऊ नका. दिलं असेल तर आजच बँकेत जाऊन कार्ड बंद करा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या आणि सिम हरवल्याचं कळवून डुप्लिकेट न घेता ते सरळ बंद करायला सांगा.