नाथ पैंचा मतदारसंघ कुठे गेला?

प्रश्न : आमचं मूळ गाव मालवण तालुक्यात, पण मी जन्मले आणि वाढले नालासोपाऱ्याला. आजोबा कायम म्हणत, "आमी राजापूर मतदारसंघातले, नाथ पैंच्या." राजापूर तर रत्नागिरी जिल्ह्यात. मग मालवण त्यात कसं? लोकसभेच्या यादीत हा मतदारसंघ आता दिसत का नाही? आणि कोकण रेल्वे त्याच्याच खासदारांनी आणली, हे कितपत खरं?
– एक वाचक, नालासोपारा

उत्तर : तुमचे आजोबा बरोबर सांगत होते. १९५७ साली सिंधुदुर्ग जिल्हा नव्हताच. वर खेड-दापोलीपासून खाली बांद्यापर्यंत सगळा एकच रत्नागिरी जिल्हा होता. त्याचे लोकसभेसाठी दोन भाग, उत्तरेचा रत्नागिरी आणि दक्षिणेचा राजापूर. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा झाला, तरी मतदारसंघ तसाच राहिला. त्यामुळे नाव राजापूरचं आणि बहुतेक मतदार देवगड, मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडीकडचे, असं शेवटपर्यंत चाललं. मी कणकवलीत राज्यशास्त्र शिकवायचे, तेव्हा वर्गात हाच प्रश्न दर वर्षी यायचा.

या मतदारसंघात १९५७ ते २००४ अशा तेरा निवडणुका झाल्या आणि खासदार झाले फक्त चार. नाथ पै तीनदा, मधु दंडवते पाचदा, काँग्रेसचे सुधीर सावंत एकदा आणि शिवसेनेचे सुरेश प्रभू चारदा. १९५७ पासून १९९१ पर्यंत इथे काँग्रेसला एकदाही जागा मिळाली नाही. चौतीस वर्षं! भोवतालचा महाराष्ट्र बहुतेक वेळा काँग्रेसच्या बाजूने असताना हे घडलं, म्हणून या मतदारसंघाबद्दल मला अभिमान वाटतो. तो मी लपवणार नाही.

१९५७ ची निवडणूक द्विभाषिक मुंबई राज्यात झाली, संयुक्त महाराष्ट्राचं वारं होतं. नाथ पै वेंगुर्ल्याचे, वय पस्तिशीच्या आत, इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन आलेले, पक्ष प्रजासमाजवादी. माझे वडील प्राथमिक शिक्षक, त्यांना मतदान केंद्रावर काम लागलं होतं. त्या काळी आजच्यासारखी यंत्रं नव्हती, आणि पुढे आला तसा एका मतपत्रिकेवर शिक्काही मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याच्या चिन्हाचं चित्र चिकटवलेलं, आणि मतदाराने पडद्याआड जाऊन आपली चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची. प्रजासमाजवादींचं चिन्ह झोपडी. वडील सांगायचे, म्हाताऱ्या बाया आत जाताना विचारत, "मास्तरांनु, खोप खंय आसा?" आणि कुणाची पेटी कुठे ते सांगायला यांना मनाई. मग त्या स्वतःच शोधून काढत.

नाथ पैंची सभा मी शाळकरी वयात, १९६७ ला ऐकली. देवळासमोर दोन गॅसबत्त्या, खाली गोणपाट अंथरलेले, आणि समोर निम्म्याहून जास्त बायका. हे आमच्याकडे साहजिकच होतं, कारण पुरुष मुंबईला. गिरणीतला नवरा मनीऑर्डर धाडणार आणि घर, शेत, मत सगळं बाई सांभाळणार. अगदी २००१ च्या जनगणनेतसुद्धा रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११३६ स्त्रिया होत्या. राजापूरचा इतिहास लिहिणारे नाथ पैंच्या वक्तृत्वावर पानंच्या पानं भरतात, पण या मतदार बायकांवर फार थोडं लिहितात. मला ही मोठी उणीव वाटते. पाच-पाच वर्षांनी त्याच माणसाला पुन्हा निवडून देणाऱ्या याच होत्या.

दिल्लीतही नाथ पैंनी नाव केलं. १९६७ च्या गोलकनाथ निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की संसदेला मूलभूत हक्कांत काटछाट करता येणार नाही. घटनादुरुस्तीचा अधिकार संसदेकडे राहावा म्हणून त्यांनी खासगी विधेयक मांडलं. ते मंजूर झालं नाही, पण त्यावर देशभर चर्चा झाली, आणि १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने तेच साधलं. ते पाहायला नाथ पै नव्हते. १८ जानेवारी १९७१ ला बेळगावात त्यांचं निधन झालं. वय अवघं अठ्ठेचाळीस. लोकसभा आधीच बरखास्त झाली होती, निवडणूक तोंडावर होती. आमच्या वाडीत त्या दिवशी चुली पेटल्या नाहीत, असं आई सांगे.

मग आले मधु दंडवते. अहमदनगरचे, मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणारे. बोली वेगळी, नात्यागोत्याचं कुणी नाही. तरी "नाथाच्या मान्साक मत" म्हणत लोकांनी त्यांना आपलं केलं. पुढे मात्र ते स्वतःच्या बळावर निवडून येत राहिले. १९८४ चं उदाहरण पुरेसं आहे. इंदिराजींच्या हत्येनंतरच्या लाटेत महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसने जिंकल्या. उरलेल्या पाचांत राजापूरचे दंडवते, कुलाब्याचे दि. बा. पाटील आणि मुंबईच्या गिरणगावातून दत्ता सामंत. म्हणजे पाचातल्या तीन जागा कोकणी माणसाच्या: दोन गावाकडच्या, एक त्याच्या गिरणीपाशी.

आता रेल्वे. मागणी जुनी, नाथ पैंनीही ती लोकसभेत लावून धरली होती. दंडवते १९७७ ते १९७९ रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातल्या उघड्या लाकडी फळ्यांवर दोन इंची फोमची गादी त्यांनी आणली. आज ती कुणाला जाणवतही नाही, पण लाकडावर रात्र काढलेल्यांना विचारा. खरा निर्णय १९९० चा. तेव्हा दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. दरवर्षी अर्थसंकल्पातून थोडे थोडे पैसे मिळवत बसण्यापेक्षा त्यांनी वेगळं महामंडळच काढलं. भागभांडवल रेल्वेचं ५१ टक्के, महाराष्ट्राचं २२, कर्नाटकाचं १५, गोवा आणि केरळचं प्रत्येकी ६, आणि बाकी पैसा रोख्यांतून. ई. श्रीधरन प्रमुख झाले आणि २६ जानेवारी १९९८ ला मार्ग पूर्ण सुरू झाला. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं: एकट्या खासदाराने रेल्वे आणली नाही, पण पैशाची अडलेली गाठ ज्यांनी सोडवली त्यांत राजापूरचा खासदार होता. मार्ग होण्याआधीच, १९९१ ला, ते हरले. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

१९९६ पासून सुरेश प्रभू. सनदी लेखापाल, पुढे वाजपेयी सरकारात ऊर्जामंत्री. तोवर गिरण्यांचा संप होऊन गेला होता, मुंबईतल्या शाखांमधून शिवसेना गावोगाव पोचली होती. चाकरमानी गणपतीला येताना राजकारणही बरोबर घेऊन येत होता.

शेवटचा भाग आकड्यांचा आहे, पण तो नीट पाहा. २००८ ची मतदारसंघांची फेररचना २००१ च्या जनगणनेवर झाली. महाराष्ट्राची लोकसंख्या ९ कोटी ६९ लाख, जागा ४८, म्हणजे एका जागेमागे साधारण २० लाख माणसं. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून भरले साडेपंचवीस लाखांच्या आसपास. दोन जागांना पुरेनात. म्हणून दापोली-गुहागर रायगडला जोडले आणि उरलेल्यांची एकच रत्नागिरी-सिंधुदुर्ग जागा झाली. त्याच जनगणनेत ठाणे जिल्हा ८१ लाखांवर गेला होता. तिथल्या दोन जागांच्या चार झाल्या: ठाणे, कल्याण, भिवंडी, पालघर. तुम्ही नालासोपाऱ्याहून मत देता ते याच पालघरमध्ये. राजापूर असा गेला, ताई. माणसं डोंबिवली-नालासोपाऱ्याला गेली आणि जागा त्यांच्यामागून गेली.

प्रश्न : पुढच्या फेररचनेत आम्हाला आमची जागा परत मिळेल का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : आकडे पाहता मला आशा नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्ग ८ लाख ६९ हजारांवरून साडेआठ लाखांवर. राज्यांच्या जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली आहे. तोपर्यंत गावात राहणाऱ्यांनी मतदारयादीत आपलं नाव तपासत राहावं. लोकसभेची जुनी कामकाजं संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात मोफत वाचता येतात. नाथ पै आणि दंडवते यांची भाषणं तिथे नावानिशी सापडतात. शाळकरी नातवंडांना ती जरूर काढून द्या.