वीजबिल प्रश्नोत्तरे : एजंटचा तक्ता आणि बिलाची बेरीज

बिलं वाटून झाली की आठवडाभर माझ्याकडे तेच तेच प्रश्न येतात. सांगली-साताऱ्यात घरोघरी वीज देणारी कंपनी एकच, महावितरण. दर ती स्वतः ठरवत नाही, महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. एवढं धरून पुढे वाचा.

प्रश्न : 101 युनिट झाले की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो, असं शेजारी सांगतात. म्हणून महिनाअखेरीस आम्ही फ्रिज बंद ठेवतो. (गृहिणी, विश्रामबाग)

साफ चूक. वरचा दर 100 च्या पुढच्या युनिटांनाच लागतो. 101 झाले तर एका युनिटाला. फ्रिज चालू करा.

प्रश्न : "आज रात्री साडेनऊला वीज तोडू, या नंबरवर फोन करा" असा मेसेज आला. काय करावं? (निवृत्त शिक्षक, कराड)

फोन करू नका, लिंक उघडू नका. थकबाकीसाठी वीज तोडायची तर वीज कायद्याच्या कलम 56 प्रमाणे पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस लागते. पैसे गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीच्या 1930 या नंबरवर तक्रार नोंदवा, मला नंतर लिहा.

प्रश्न : कोयना आमच्या उशाला, पवनचक्क्या डोक्यावर. मग वीज आम्हाला स्वस्त का नाही? (शेतकरी, पाटण तालुका)

कारण वीज जिथे तयार होते त्या गावाच्या दराने ती विकली जात नाही. कोयनेची क्षमता 1,960 मेगावॉट. ती आणि कोळशाची, वाऱ्याची, उन्हाची अशी सगळी वीज महावितरण एकत्र घेतं. त्या सगळ्या खर्चाची बेरीज करून आयोग ग्राहकाच्या वर्गवारीनुसार महावितरणच्या सगळ्या ग्राहकांना सारखा दर लावतो. कोयनेची स्वस्त वीज त्या बेरजेत आधीच मुरलेली आहे. धरणग्रस्तांचं देणं वेगळं, आणि ते खरं आहे. पण ते वीजबिलातून फिटणार नाही.

प्रश्न : मुलगा इंग्लंडमध्ये आहे. तिथे फोनवर कंपनी बदलता येते आणि सरकारने बिलावर मर्यादा घातली आहे. आपल्याकडे का नाही? (ज्येष्ठ नागरिक, सातारा)

मर्यादा बिलावर नाही, दरावर आहे. जानेवारी 2019 पासून तिथला नियामक ऑफजेम युनिटचा दर आणि रोजचा स्थिर आकार यांना कमाल मर्यादा घालतो, तीही ज्यांनी ठरावीक मुदतीचा करार केलेला नाही त्यांच्यासाठी. बातमीत येणारा पौंडांचा आकडा म्हणजे सरासरी घराचा हिशेब. वापर दुप्पट झाला की वापराचं बिल दुप्पट. मुलाला एवढं नक्की सांगा.

कंपनी निवडायची मुभा तिथे 1999 पासून सगळ्या घरांना आहे. पण 2021-22 मध्ये गॅसचे भाव भडकले आणि जवळपास तीस कंपन्या बुडाल्या. पुढची वीज आणि गॅस आगाऊ न घेताच अनेकांनी स्वस्तात विकायचा सपाटा लावला होता. ग्राहक अंधारात राहिले नाहीत, त्यांना दुसऱ्या कंपन्यांकडे दिलं गेलं. मात्र त्याचा भुर्दंड सगळ्यांच्या बिलावर बसला. आपल्याकडे मुंबई उपनगरात अदानी की टाटा अशी निवड आहे. इतरत्रही तशी सोय करू पाहणारं वीज कायद्याचं 2022 चं दुरुस्ती विधेयक लोकसभेची मुदत संपल्यावर बारगळलं.

प्रश्न : माझं बेदाण्याचं शीतगृह आहे, मंजूर भार 250 किलोवॉट. एक एजंट सौर प्रकल्पातून साडेचार रुपयांनी वीज देतो म्हणतो. थोडे शेअर घ्यावे लागतील. सही करू का? (शीतगृहचालक, तासगाव)

थांबा. हात जोडून सांगतो, थांबा.

हरित ऊर्जेसाठी ओपन अ‍ॅक्सेसची (म्हणजे दुसऱ्याकडून वीज विकत घेऊन ती महावितरणच्या तारांवरून आणण्याची) किमान भाराची अट 2022 मध्ये एक मेगावॉटवरून 100 किलोवॉटवर आली आणि तेव्हापासून या एजंटांचा सुळसुळाट झाला. योजना खोटी नाही, खोटी आहे ती तुलना. साडेचार रुपये हा प्रकल्पाच्या दारातला भाव. वीज तुमच्या मीटरपर्यंत येते ती आत्ताच्या त्याच तारांवरून. त्यामुळे पारेषण आकार, वहन आकार, वाटेतली गळती, दिवसाची वीज रात्री वापरायची तर बँकिंगचा आकार, हे सगळं वर चढतं. स्पर्धा फक्त विजेच्या भावात असते, तारेच्या भाड्यात नसते.

आता शेअरची गोष्ट. "थोडे शेअर" कशासाठी? तुम्हाला कॅप्टिव्ह ग्राहक, म्हणजे स्वतःच्याच प्रकल्पाची वीज वापरणारा, असं दाखवायला. मग महावितरण सोडून बाहेरून वीज घेणाऱ्याला लागणारे क्रॉस सबसिडी अधिभार आणि अतिरिक्त अधिभार वाचतात. पण 2005 च्या नियमानुसार त्यासाठी वापरकर्त्यांची मिळून किमान 26 टक्के मालकी हवी आणि वर्षभरात तयार झालेल्या विजेपैकी किमान 51 टक्के वीज त्यांनीच वापरायला हवी. ही तपासणी वर्षाच्या शेवटी होते. तुमचा बेदाणा उन्हाळ्यात भरतो, दिवाळीनंतर खोल्या रिकाम्या होऊ लागतात. तुमचा वापर घटला, किंवा नाव-गाव माहीत नसलेल्या दुसऱ्या भागीदाराने कारखाना बंद ठेवला, आणि 51 टक्के भरले नाहीत, तर अख्ख्या वर्षाचा अधिभार सगळ्यांच्या गळ्यात.

मागे कुपवाडच्या एका कारखानदाराने असाच करार माझ्या टेबलावर आणून ठेवला. पहिल्या पानावर बचतीचा रंगीत तक्ता. शेवटून दुसऱ्या पानावर, बारीक टायपात : कायदा किंवा नियम बदलल्याने येणारे सर्व आकार ग्राहक भरेल, दहा वर्षांच्या आत बाहेर पडल्यास भरपाई, वीज उचलली नाही तरी ठरलेल्या किमान युनिटांचे पैसे. त्याने तक्ता तीनदा वाचला होता, हे पान एकदाही नाही.

गेल्या बारा महिन्यांची बिलं काढा. एजंटकडून प्रति युनिट सगळे आकार धरून, तुमच्या मीटरवर पडणारा भाव लेखी मागा. "सर, ऑफर सोमवारपर्यंतच आहे" म्हणाला तर सोमवार जाऊ द्या. मग कागद प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षकाला आणि वीज कायदा जाणणाऱ्या वकिलाला दाखवा. तुमच्या चार्टर्ड अकाउंटंटलाही बसवा, कारण शेअरचा मामला आहे.

प्रश्न : सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल आलंय. लूट आहे का? (पिठाची गिरणी, वाई)

नाही. साधारण दोन महिन्यांच्या सरासरी बिलाएवढी ठेव ठेवावी लागते, तिच्यावर व्याज मिळतं. आकडा पटत नसेल तर उपविभागात हिशेब मागा.

प्रश्न : मीटर पळतोय. वर्षभर वायरमनला सांगतोय, कोणी दखल घेत नाही. (यंत्रमागधारक, विटा)

वर्षभर "सांगताय", पण लिहून एकदाही दिलं नाहीत! तोंडी तक्रारीला तारीख नसते. मीटर तपासणीचा लेखी अर्ज द्या, फी भरा, पोच घ्या. दाद मिळाली नाही तर कोल्हापूर परिमंडलाचा ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. तिथे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. मंचाचा निकाल पटला नाही तर 60 दिवसांत विद्युत लोकपाल. तुमचं एक वर्ष वायरमनच्या नावावर गेलंय. अर्ज उद्या नको, आज द्या, आणि पोचेची प्रत घेऊन मग सल्ल्याला या.