वायफाय चांगलं असूनही ओटीटीवर पिक्चर मधेच धुरकट का होतो? आणि तो येतो तरी कुठून?

पिक्चर अख्खा एका फाइलीत येत नाही. त्याचे काही सेकंदांचे तुकडे आधीच करून ठेवलेले असतात आणि प्रत्येक तुकडा ३६०पी, ७२०पी, १०८०पी अशा वेगवेगळ्या क्वालिटीत तयार असतो. मागचा तुकडा किती वेगात उतरला ते बघून पुढचा कुठला मागायचा हे ॲप स्वतःच ठरवतं, म्हणून रात्री कोथरूडच्या सोसायटीत सगळे एकदम टीव्ही लावून बसले की चित्र धुरकट होतं पण शक्यतो अडकत नाही. मला तर ही फार हुशारीची सोय वाटते.

आता कुठून येतो, तर लोकांना वाटतं थेट अमेरिकेतून, पण तसं नसतं हो. गाजलेल्या सिरीज जवळच्या सर्व्हरवर आधीच भरून ठेवतात, त्याला सीडीएन म्हणतात. नेटफ्लिक्स तर स्वतःचे सर्व्हर इंटरनेट कंपन्यांच्याच जागेत बसवतं आणि गर्दी नसते तेव्हा त्यात नवीन माल भरतं.

लाइव्ह मॅचला हे जमत नाही. आधी भरायला काही नसतंच, तुकडे तिथल्या तिथे बनतात, त्यात वेळ जातो, म्हणून शेजारचे डिशवाले सिक्सरवर ओरडतात तेव्हा आपल्याकडे बॉल अजून बोलरच्या हातात असतो.

घरी एवढं करून बघा, टीव्ही राउटरला केबलने जोडा, नाहीतर वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ बँडवर घ्या, कारण २.४ वर अख्ख्या बिल्डिंगचे राउटर एकमेकांच्या आड येतात.